विहिरीपर्यंतची बहात्तर पावले

मी, दीपचंद हस्तीमल सुराणा, वय पंचेचाळीस, राहणार शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. बुद्धी शाबूत आहे. 'कोणाचे दडपण नाही' असे लिहिण्याची रीत आहे. पण भीतीचे आहे, म्हणून तसे लिहीत नाही. येत्या बुधवारी परगावच्या इस्पितळात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर "काळजी नको" असे दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा का म्हणाले, या विचाराने तीन दिवस घास उतरत नाही.

१. शेत, दागिने व टपाल कचेरीतील शिल्लक पत्नी छोटीबाई हिची. तिला कोणी सल्ला देऊ नये.

२. घर व दुकान धाकटा भाऊ नथमल यास. छोटीबाईने त्यात हयातभर राहावे. मात्र एक अट आहे.

आमची आई पानीबाई एकाहत्तर वर्षांची. गुडघे वीस वर्षांपासून धरलेले. तरी आमच्या जैन रीतीने पाणी गाळून, फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायला ती रोज सकाळी स्वतः जाई. परसातून बहात्तर पावले. दोन वर्षांपूर्वी नथमल म्हणाला, "भाऊ, बी. ए. झालास आणि आईला लंगडत विहिरीवर धाडतोस? पेठेत लोक हसतात." मी तिचे जाणे बंद केले. डायरीत लिहिले, 'आईस विश्रांती दिली.' ते खोटे आहे. मी लोकांची तोंडे बंद केली. चार महिन्यांत तिच्या मांड्या वाळून गेल्या आणि एका सकाळी तिला खाटेवरून उठताच येईना. दुखणे मात्र तसूभरही कमी झाले नव्हते.

तिला उठवले ते आमच्याकडे काम करणाऱ्या भिकुबाईने. आधी खाटेच्या कडेला बसवले, मग उंबऱ्यापर्यंत नेले. आई कण्हली की ती म्हणे, "माय, हात मन्हा खांदावर ठेव, पाय जमिनवर. उलटं करशी ते दोन्ही पडसूत!" आई शिव्या देत हसे. विहीर गाठायला नऊ महिने लागले.

म्हणून अट अशी: आईला खाटेवर घालू नये. फडके दुसऱ्याने नेऊ नये. वाटेतला बसायचा दगड हलवू नये. ताप असला किंवा गुडघा सुजून लाल झाला, तर बळजबरी नको. त्या दिवशी उंबरा पुरे. मी तिला छळतो आहे का, हे रोज स्वतःला विचारतो. ती पडेल ही धास्तीही आहे. पण ती खाट मी पाहिली आहे. नथमल, तू वाईट नाहीस. तू मायेपोटी करशील, त्याचेच मला भय वाटते. अट मोडल्यास घर छोटीबाईचे. पाळली जाते की नाही, हे शाळेतल्या करमसिंग मास्तरांनी पाहावे.

३. भिकुबाईस दुभती गाय व परसातली खोली.

हे लिहीत असता आई विहिरीवरून परतली. शस्त्रक्रियेचे तिला ठाऊक नाही. चौकट धरून म्हणाली, "काय लिखी ऱ्हायना रे दीपा?"

"घराचं, आई."

"मन्हा नावे खाट सोडीसन काहीबी लिख."

४. मी परतलो, तर डॉक्टरांनी मुभा देताच मला तिच्या मागोमाग चालवावे. मी भित्रा आहे, ओरडेन, ऐकू नये.

न परतलो आणि बातमी सकाळी आली, तर आधी तिला विहिरीवर जाऊन येऊ द्यावे. मग सांगावे. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही, तर भिकुबाईने काही न बोलता खांदा पुढे करावा.

खालील दोघांनी मला सही करताना पाहिले.

सही: दीपचंद हस्तीमल सुराणा

साक्षीदार:
करमसिंग गिरासे, शाळामास्तर (सही)
सुरुपसिंग पाडवी, शेजारी (अंगठ्याची निशाणी)

शहादे, ११ नोव्हेंबर १९३८