दाढेचा ताप

आप्पा, तुम्हाला दाढेसाठी सुट्टी न देणारा तो सुपरवायझर आता माझ्या हाताखाली आहे. कुरुळीतलं ते वर्कशॉप बंद पडलं, आता चाकणला आमच्या पॅकिंगमध्ये कंत्राटावर खोकी बांधतो. मी सातवी नापास, पण लाइन लीडर. गेटपास माझ्या सहीनं सुटतो.

तो दिवस मला पाठ आहे. मी शेजारच्याच प्रेस मशीनवर नवीन लागलेलो. तुमचा गाल सुजलेला, प्रेस थांबवून तुम्ही त्याच्यापुढं उभे. तो म्हणतो, "रक्त दिसतंय का कुठं? बोट तुटलं तर या. दाढेला कसली सुट्टी?" सगळे हसतात. मग स्वतःची पुडी काढतो, "घ्या, मळून दाबा गालात. दुखणं मरतंय." आणि आप्पा, तुम्ही दाबलीत. वर "उपकार झाले साहेब" म्हणालात. त्याचाही राग आहे मला. तंबाखूनं दाढ बधिर झाली, तुम्हाला वाटलं बरी झाली. आत पू तसाच. पुढं महिनाभर रोज संध्याकाळी बारीक ताप, जिना चढताना दम, आणि आपण मलेरियाच्या गोळ्या खात बसलो. शेवटी पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाढेतले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत, झडप कुरतडलीय, फार उशीर केलात. मी म्हटलं, मॅडम, दाढ कुठं, काळीज कुठं. त्या म्हणाल्या, रक्त तर एकच असतं ना.

मागच्या महिन्यात तो गालाला रुमाल बांधून माझ्यापुढं आला. "भाऊ, अर्धा दिवस द्या, दाढ दाखवून येतो." मला ओळखलंसुद्धा नाही त्यानं. मी सगळ्यांदेखत विचारलं, "रक्त दिसतंय का काका?" पोरं हसली. पुडीही दिली. त्यानं गुपचूप दाबली. त्या दिवशी कँटीनमध्ये मी दोनदा भात घेतला.

काल त्याच्या बायकोचा फोन आला. ताप हटत नाही, संध्याकाळी चढतो, चार पावलं चालले की धाप लागते, गल्लीतला डॉक्टर व्हायरल म्हणतोय, तेवढी सुट्टी मांडा दादा. मला कळलं काय आहे ते. अख्ख्या कंपनीत मलाच कळलं असेल. "मांडतो," म्हणालो आणि ठेवला.

तुम्ही असता तर म्हणाला असता, जाऊ दे रे. असंच जाऊ देत देत तुम्ही गेलात. मला नाही जाऊ द्यायचं. त्यानं एकदा तरी तुमच्यासारखं खाटेवर पडून, श्वास पुरत नाही म्हणून उठून बसावं, बायकोनं पाठीला उशा लावाव्यात, तरी पुरू नये. आई लावायची तशा.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही हे मला कळतं. त्याच्या बायकोचा नंबर मोबाइलमध्ये अजून सगळ्यात वर आहे. एवढंच कबूल करतो, की हे लिहायला जितका वेळ घालवला, त्याच्या निम्म्यात तिला सांगून झालं असतं.