सात नंबरची दुसरी चावी

प्रिय मामा,

परवा कारखाना निरीक्षक येणार आहेत. तुझ्या अपघाताचा अहवाल मी द्यायचा आहे. मॅनेजरांनी तो टाईप करून माझ्या टेबलावर ठेवलाय. माझी सही तेवढी बाकी आहे. सहीआधी तुझ्याशी बोलायचं होतं.

ट्रेनिंग रूममध्ये बसून लिहितेय. शेवटच्या बाकावर, तुझ्या जागी. इथं तू हाताची घडी घालून बसायचास आणि मी 'धोका म्हणजे काय' असं म्हटलं की जांभई द्यायचास. मुद्दाम! माझ्याकडे बघत!

तुला माझं ट्रेनिंग कशाला हवं होतं? मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून तू या पशुखाद्याच्या कारखान्यात फिटर. मिक्सरच्या पात्यांना मळी चिकटून दगड झाली की आत उतरून छिन्नीनं ती खरवडायची, हे तुझं काम. उतरण्याआधी तू पॅनेलमधले तिन्ही फ्यूज काढायचास, सदऱ्याच्या खिशात टाकायचास आणि खिशाचं बटण लावायचास. चालताना खिसा वाजायचा.

"ह्या खिशातनं फ्यूज काढायचा तर आधी मला आडवा करावा लागंल," म्हणायचास. कुणी हसलं तर म्हणायचास, "हसतो काय? करून बघ."

कुणी करून बघितलं नाही. फ्यूज तुझ्या अंगावर होते, म्हणून तू जिवंत होतास. एवढं साधं होतं ते.

मग मी आले. औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा, पांढरं हेल्मेट. मी फ्यूजचं पॅनेल भंगारात काढायला लावलं. नव्या पॅनेलच्या हँडलला कुलूप लागतं. प्रत्येक कामगाराला स्वतःचं लाल कुलूप. तुला सात नंबर मिळालं. मशीन बंद करायची, हँडलला आपलं कुलूप घालायचं, चावी आपल्या खिशात ठेवायची. काम संपलं की कुलूप, चावीसकट, परत बोर्डावर. पद्धत चांगली आहे, मामा. आजही म्हणते, चांगली आहे.

पहिल्याच वर्गात मी फळ्यावर लिहिलं : एक माणूस, एक कुलूप, एक चावी. तू हात वर केलास.

"मॅडम, दुसरी चावी कुठंय?"

"दुसरी नाही, मामा."

सगळे हसले. कारखान्यात मी तुला पहिल्यांदाच मामा म्हणाले होते. तूही हसलास. "मग झालं. भाची म्हणतीय म्हंजे न्हाई."

त्या दिवशी मी मिक्सरपासून वीस पावलांवर होते. मिक्सर भरलेला असला की जड आवाज येतो, रिकामा असला की पत्र्याचा. हा आवाज दोन्हींपैकी नव्हता. आधी छिन्नी वाजली. मग तू ओरडलास. एकदाच. मग पाती अडली, मोटर गुरगुरली, आणि पाती पुन्हा फिरली.

लाल बटण मी दाबलं. झाकणावरून आत पाहिलं. तुझा हात पात्याच्या पलीकडे होता आणि तू अलीकडे. मळी काळी असते ना? तिथं ती काळी नव्हती.

शिंदे सुपरवायझर पॅनेलपाशी उभा होता. "मला वाटलं चहाला गेला. गेटवर ट्रक उभाय. म्हटलं कुलूप काढायचं विसरला आसंल." त्याच्या मुठीत चावी होती. सात नंबरची. दुसरी.

कुलूप त्यानं काढून बोर्डावर टांगलं होतं. मी ते उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. त्याचे दोन दात पडले. पुन्हा मारलं. तिघांनी धरलं नसतं तर थांबले नसते. तो रडत म्हणाला, "मॅडम, चाव्या तुम्हीच दिल्या हुत्या ना?"

हो. मीच दिल्या होत्या.

पॅनेल बसवलं त्याच आठवड्यात मॅनेजर म्हणाले, "एखादा चावी घेऊन घरी गेला, तर लाईन बंद ठेवायची का?" मला उत्तर माहीत होतं : हो, बंद ठेवायची. तेच शिकून आले होते. पण मी नवी होते, आणि साहेब हसून बोलत होते. प्रत्येक कुलपाची दुसरी चावी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये ठेवावी, या कागदावर मी सही केली. तू वर्गात हात वर केलास तेव्हा ड्रॉवरमध्ये चाव्या येऊन चार दिवस झाले होते.

तू नेमकं तेच का विचारलंस? दुसरं काहीही विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं!

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तुझे कपडे मला प्लास्टिकच्या पिशवीत दिले. सदऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. खिसा शाबूत होता. बटण लावलेलं. आत चावी, सात नंबर. तू सगळं बरोबर केलं होतंस.

अहवालात लिहिलंय : 'कामगाराने कुलूप लावले नव्हते.'

"कुलूप तर बोर्डावर होतं," मॅनेजर म्हणाले. "मामा आता परत येणार नाहीत. आणि दुसऱ्या चावीच्या कागदावर सही कुणाची आहे, मॅडम?" त्यांना ठाऊक नाही की तुझी चावी माझ्याकडे आहे. कुलूप बोर्डावरच असतं, तर चावी त्याच्यातच असती. तुझ्या खिशात कशी आली असती?

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढऱ्या साडीतल्या मामीनं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. "तुज्या शाळंनं मारलं त्यान्ला! फ्यूज हुते तवर जित्ता हुता माणूस!" कान अजून वाजतो. लोकांनी तिला आवरलं. का आवरलं?

मामा, परवा मी तो अहवाल फाडेन. निरीक्षकांच्या टेबलावर तुझी चावी ठेवेन आणि सांगेन : यानं कुलूप लावलं होतं. दुसरी चावी होती. ती मी ठेवायला लावली, आणि यानं विचारलं तेव्हा नाही म्हणाले. नोकरी जाईल. खटला होईल. होऊ दे.

पण त्याआधी, उद्या सकाळी, शेवगावला मामीकडे जाईन. त्या दिवशी तिनं मारलं, तेव्हा तिला दुसऱ्या चावीचं माहीत नव्हतं. उद्या सगळं सांगेन आणि तिच्यासमोर उभी राहीन. या वेळी कुणी आवरायला नसेल. मी हात मध्ये घालणार नाही. हा शब्द.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी चिमी