उसना बाप

१० मार्च
पोचलो. डोंगरभर चहा, चहात बायका आणि बायकांभोवती फोटो काढणारे गोरे. आखा जमातीचा माणूस म्हणजे टोपीवर चांदी नि घरात दारिद्र्य, एवढ्यावर त्यांचं पोट भरतं. मीही आखाच, पण खाली चियांग राय शहरात मिशनच्या वसतिगृहात वाढलेला. म्हणून दोन्ही बाजूंना हसायचा हक्क माझा. शहरातल्या व्यापाऱ्यासाठी पहिल्या खुडणीची पत्ती गोळा करायला आलोय.

वेशीत म्हाताऱ्यांनी अडवलं. इथं पूर्वजांची माळ म्हणून दाखवावी लागते, पहिल्या पुरुषापासून थेट आपल्यापर्यंत. बापाच्या नावाचं शेपूट ते मुलाच्या नावाचं डोकं. माळ जुळली की घर फुकट, पत्ती भावकीच्या दरात. मला माझा बापही ठाऊक नाही. पण बाजारातल्या एका दारुड्यानं एका बाटलीवर आपल्या घराण्याची माळ माझ्याकडून घोकून घेतली होती. शेवटचं नाव त्याच्या मेलेल्या भावाचं, लोचे. त्याला जोडून मी झालो चेबू. घडाघडा म्हटली. म्हातारे रडले, डुक्कर कापलं. यांना रडवणं फारच स्वस्त आहे.

११ मार्च
लोचेची बहीण मिजू आता माझी आत्या. दात नाहीत, जीभ आहे. म्हणाली, लोचे बिनलग्नाचा गेला, चहाच्या कड्यावरून पडून. मागं कुणी नाही म्हणून पूर्वजांच्या गावात त्याला घेईनात, बाहेरच उपाशी बसलाय. बरं झालं बाबा, तू निघालास. बिनलग्नाच्याला मुलगा कसा, असं मी विचारलं. तर म्हणे, मेला कुठंतरी पेरून आला असेल, तुझ्या नाकावरून कळतंच की. माझ्या नाकाचा असा उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

बापासाठी, यांच्या भाषेत आदासाठी, रोज कोपऱ्यात भात, चहा आणि अंडं ठेवायचं असतं. अंडं मी खातो. मेलेल्याला कशाला?

१४ मार्च
सकाळी जेवताना एक पोरगा येऊन त्या कोपऱ्यात बसला. पंचविशीचा, विजार चिखलानं माखलेली. खुडणीवरचा असेल. अंडं कुठाय म्हणाला. ऊठ रे फुकट्या, म्हटलं. तर शांतपणे म्हणतो, पोरा, बापाशी असं बोलतात का?

इथले विनोदही असले. उठून जाताना पाठमोरा दिसला. डोक्याची मागची बाजू नव्हती.

१५ मार्च
धुक्यानं, शेतं जाळल्याच्या धुरानं माणसाला काहीही दिसतं.
दुपारी पुन्हा आला. आज अंडं ठेवलं. खाल्लं.

१६ मार्च
आत्याला सगळं सांगितलं, खोटी माळसुद्धा. वाटलं थोबाडीत देईल. आधी विचारलं, त्याचा पुढचा दात तुटका आहे ना? आहे म्हटल्यावर भावासाठी रडली. मग म्हणाली, वेशीत बोललेलं नाव गिळता येत नाही, गाढवा. तुझी खरी माळ म्हण, तो सोडेल. नाहीतर नेईल तुला. लेकाचा हात धरून गेला की त्याला आत घेतात.

खरी माळ. निदान बापाचं एक नाव तरी.

१७ मार्च
वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला. म्हणाल्या, तुला एका ट्रकवाल्यानं आणून सोडलं होतं. ट्रकवाला कोण? कुणास ठाऊक, बाळा.

खाली जाणारा रस्ता धरला. प्रत्येक वळणावर तो बसलेला. परत फिरलो.

१८ मार्च
वेशीत उभा राहिलो. सुचतील ती नावं घेतली — तो शेजारी. प्रत्येक नावावर मान हलवतो. हा नव्हे. हाही नव्हे. रागावत नाही, हेच —

१९ मार्च
अंडी संपली. त्याला भूक नाही म्हणतो आता.

२० मार्च
दारात उभा आहे. हात पुढे केलाय, चिखल ओलाच — कडा लांब नाही म्हणतो, घाबरू नको पोरा, मी धरतो —

मी म्हटलं, तू माझा बाप नाहीस.
तो म्हणाला, मग कोण आहे?

इतक्या वर्षांत मला पोरा म्हणून कुणी — तो वाट बघतोय. किती वेळ वाट बघतोय — थांबा, आदा, एवढी ओळ —