घोट्याएवढं गवत

धारगळ, पेडणे
१२ जानेवारी २०२६

प्रिय गौरेश,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पाव घेऊन येणारा पोदेर अजून सवयीने तुझे दोन जास्त देतो आणि तुझी आई ते परत करत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सुट्टी संपवून बंगळूरला परत निघालेल्या तुझ्या मित्राच्या, संदीपच्या हाती देतोय.

तिथल्या गोल्फ अकादमीने तुला काढल्याचं कळलं. "माझे हात गेले," असं तू आईला म्हणालास. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, "तेका सांग, घराक ये. कोण कायएक बोलूचो नाय." मला मात्र बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या गोल्फ मैदानाची कठीणता ठरवायला माणसं आली होती, आठवतं? त्याआधी लईराई देवीच्या जत्रेसाठी मी शिरगावला, निखाऱ्यांवरून चालणाऱ्या धोंडांच्या व्रताला बसलो होतो. रजा मिळाली नव्हती, तसाच गेलो. आठ दिवस माझं गवत कापायचं मशीन बंद. फवारे चालूच, त्यामुळे कडेचं गवत घोट्यापर्यंत आलेलं. मी परतलो त्याच सकाळी ती माणसं पट्टी लावून मोजत होती. त्यांनी विचारलं, "गवत नेहमी एवढंच ठेवता?" शेजारी मॅनेजर उभा. नाही म्हटलं असतं तर माझी चोरी उघडी पडली असती.

मी म्हटलं, "होय, कायम एवढंच."

मैदान फार कठीण ठरलं. मॅनेजर खूश, पाहुण्यांत नाव झालं. दुसऱ्याच दिवशी मी सगळं गवत कापलं आणि आजतागायत कापतोय. तू त्या कापलेल्या गवतावर बहात्तरच्या जागी ऐंशी टोले घ्यायचास. म्हणजे आठ जास्त. पण कठीण मैदान म्हणून तीन माफ, कागदावर तुझा हँडिकॅप, म्हणजे जास्तीचे टोले, पाच. अकादमीची अट पाचचीच होती. तू कंपनीतली नोकरी सोडलीस, मी गावभर पेढे वाटले. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. तुझा चेहरा पाहिला आणि पेढ्यांचा दुसरा पुडा फोडला.

परवा मॅनेजरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मैदानाच्या कठीणतेचा आकडा पुढच्या मोजणीपर्यंत तसाच राहणार, आणि मला तोंड बंद ठेवायला सांगितलं.

तिथे साध्या मैदानावर सत्त्याहत्तर यायला हवे होते, आणि ऐंशीच येतात म्हणून तू रात्रंदिवस सराव करून हात घासतोयस, असं संदीप सांगत होता. बाबा, ते हात घासू नकोस. ते कुठे गेले नाहीत. तू तिथे वाईट खेळला नाहीस. जसा इथे खेळायचास, तसाच खेळलास.

हे लिहून तुला बरं वाटेल असं आधी वाटलं होतं. आता वाचून पाहतो तर उरलंसुरलंही मीच काढून घेतोय. कंपनीत तुझ्या जागी दुसरा लागला आहे, तेही विचारून आलो.

ये किंवा येऊ नकोस, आईला मात्र एक फोन कर. मी घरात असेन तेव्हा नको.

ज्याला एक "नाही" म्हणता आलं नाही, तो तुझा बाप,
गोकुळदास