मास्तरांना आठवू लागलं

४ फेब्रुवारी
आले एकदाची. स्मृतिविकारांच्या या संस्थेत मला माडीवरची खोली मिळाली आहे. खिडकी मोठी, खाट न कुरकुरणारी, आणि न्हाणीघरात गरम पाणी. याहून जास्त माणसाला काय लागतं? मागच्या बाजूची दोन खोल्यांची जागा चोवीस तारखेला रिकामी होणार आहे. त्याच दिवशी माझी बहीण ठकीला घेऊन येईल. लेक सहा वर्षांची, पण फोनवर आजीबाईसारखी बजावते की आई, वेळेवर जेव. वीस दिवस काढायचे, बस्स.

इथल्या मुख्य डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी काम समजावलं. कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत दोन्हीकडे, हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायची खोली असते तसाच. दिवसभराचं सगळं आधी तिथं येतं, मग कायमच्या पत्त्यावर जातं. माझ्या रुग्णाची ती खोली अठरा वर्षांपूर्वी मेंदूज्वरात जळून गेली. त्याआधीचं त्यांना आठवतं, नंतरचं काहीच नाही.

५ फेब्रुवारी
रुग्ण म्हणजे मास्तर. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. गोड माणूस. सकाळपासून त्यांनी मला अकरा वेळा विचारलं की तुम्ही नवीन का. माझं काम सोपं आहे. रोज एक गोष्ट सांगायची, वीस मिनिटं थांबायचं, मग काय आठवतं ते विचारून तक्ता भरायचा. आज शून्य. मास्तरांनी उलट माझीच समजूत घातली.

९ फेब्रुवारी
पाच दिवस, पाच शून्यं. पालथ्या घड्यावर पाणी. वर्तमानपत्रातल्या बातम्या घसा कोरडा पडेस्तोवर वाचते, आणि मास्तर विचारतात, तुम्ही नवीन का. आज मला हसूसुद्धा आलं नाही. मोठ्या बाईंनी मलाच झापलं. म्हणाल्या, कोरडं चिकटत नाही. भावना असली की आठवण घट्ट धरते आणि जवळच्या दुसऱ्या आठवणींना बांधली जाते. स्वतःचं, खरं, मनाला लागलेलं सांग.

१० फेब्रुवारी
सांगितलं. लहानपणी मी झाडावरून पडले, कोपर फुटलं, आणि दादाने मीच तिला ढकललं असं खोटंच सांगून बाबांचा मार खाल्ला. वीस मिनिटांनी मास्तरांनी सगळं परत सांगितलं. दादाच्या फाटक्या बाहीसकट. मोठ्या बाई तीनदा तक्ता बघून गेल्या. मला आभाळ ठेंगणं झालं.

१२ फेब्रुवारी
दोन दिवसांनीही त्यांना आठवतंय. काल बाबांनी पोहायला शिकवल्याचं सांगितलं, तेही राहिलं. अठरा वर्षांत जे झालं नाही ते माझ्या हातून होतंय. ठकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग मला लवकर ने.

१४ फेब्रुवारी
बहीण फोनवर बोलता बोलता हसून म्हणाली, त्या झाडावरच्या पडण्यापासून तू अशीच हट्टी आहेस. मी विचारलं, कुठलं झाड? तिला वाटलं थट्टा करतेय. नंतर ही वही चाळली. दहा तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलं आहे. कोपरावर व्रणही आहे. पण मला ते झाड दिसत नाही. स्वतःचाच राग येतोय.

१५ फेब्रुवारी
खात्री करून घेतली. सकाळी एक खोटी गोष्ट रंगवून सांगितली. मास्तरांना शून्य. मग डोळे मिटून बाबांचं पोहायला शिकवणं आठवायचा प्रयत्न केला. मला पोहता येतं. कुणी शिकवलं ते माहीत नाही.
मास्तरांना माहीत आहे. पाणी किती गार होतं तेसुद्धा.

१६ फेब्रुवारी
मोठ्या बाईंना वहीसकट सगळं दाखवलं. त्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, दमलीस, झोप काढ. तक्त्यात तुझ्याबद्दल काही नाही. तक्ता माझा थोडाच आहे? भिंतीशी बोलले असते तर निदान भिंतीने खांद्यावर थोपटलं तरी नसतं. माझी पत्रं मास्तरांच्या पत्त्यावर चालली आहेत, एवढी साधी गोष्ट बाईंना कळत नाही.

१८ फेब्रुवारी
दोन दिवस पुन्हा बातम्या वाचल्या. पुन्हा शून्य, पुन्हा बोलणी. मोठ्या बाईंनी सुनावलं की असंच चाललं तर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. म्हणजे ठकी पुन्हा मावशीकडेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
एक विचार डोक्यातून जात नाही. घ्यायचंच असेल तर जे मला नको आहे तेच घ्या ना. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस. ठकीचे बाबा गेले तो. त्या दिवसाने माझी एकही रात्र धड जाऊ दिलेली नाही. त्यांचंही काम होईल, माझंही.

१९ फेब्रुवारी
सांगितलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, काही हातचं न राखता. मास्तर ढसाढसा रडले. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, का रडलात. त्यांनी इस्पितळातला तो दिवस सांगितला. कुणा परक्या बाईची हकीकत वाटली. बिचारी.
किती हलकं वाटतंय. हे आधीच सुचायला हवं होतं.

२० फेब्रुवारी
मास्तरांनी विचारलं, ती पोर आता नीट झोपते ना? मी म्हटलं, कुठली पोर? ते म्हणाले, त्या दिवशी पूर्ण वेळ तुमच्या मांडीवर होती ती.
वही उघडली. ठकी. हो. ठकी, माझी ठकी. सहा वर्षांची. पण चेहरा – केस लांब की –
ती मांडीवर होती हे मी विसरलेच. सांगितलं तेव्हा त्याचा विचारच केला नाही. त्या दिवसाला ती बांधलेली होती, आणि तिला बाकीचं सगळं; तो दिवस गेला तसं तेही मास्तरांकडे ओढलं गेलं.

२१ फेब्रुवारी
मास्तरांना म्हटलं, परत द्या. ते सगळं सांगतात. जन्मली तेव्हा पाऊस नव्हता, ऊन होतं. झोपताना माझ्या कानाची पाळी धरते. मायेने सांगतात, पुनःपुन्हा सांगतात. मी ऐकते. वीस मिनिटांनी – नळी फुंकली सोनारे.
मी आईच आहे तिची. मग माझ्याकडेच का राहत नाही? ओरडले त्यांच्यावर. ते घाबरले. त्यांचा काय दोष.

२२ फेब्रुवारी
तळहातावर नाव लिहिलंय. हात धुवायचा नाही.
बहिणीला फोन लावायला हवा. तिचा नंबर –

२३ फेब्रुवारी
एका लहान मुलीचा फोन आला. बराच वेळ बोलत होती. जेवलीस का म्हणून विचारत होती. कुणाची आहे, नाव काय, विचारलं. तिने फोनच ठेवला.
हातावर शाई लागली होती. घासून काढली.

२४ फेब्रुवारी
कामाच्या वेळी पाहुण्यांची मुलं आत सोडतात. मोठ्या बाईंना सांगायला हवं. एक बाई आणि एक मुलगी दारात उभ्या आहेत. मास्तर उठले, गुडघ्यांवर बसले, मुलीला नावाने हाक मारली. हात पसरले. पण ती त्यांना ओळखत नाही.
ती माझ्याकडे आली. माझा कान धरतेय. रडतेय. तिच्यासोबतची बाईही रडतेय. कुणी काही सांगत का नाही –
मी तिला जवळ घेऊन विचारलं, बाळ, रडू नको, तुझी आई कुठं आहे, तर तिने माझ्याकडेच बोट दाखवलं.