मुलीवर घातलेली अट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. तीस वर्षांच्या नोकरीत दडपणाशिवाय लिहिलेला हा बहुधा पहिलाच कागद. हृदय थकले आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, "बाई, डोकं शाबूत आहे, बाकीचं विचारू नका."

१. माझ्या कमाईचे राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी.

२. अपूर्णांक शिकवायला मी रंगीत पट्ट्यांचा एक डबा केला होता. मुले पट्ट्या जुळवताना भांडत, हसत आणि शिकत. तपासणीला आलेल्या साहेबांनी सांगितले, "पुस्तकात आहे तेवढंच शिकवा." मी "हो साहेब" म्हटले. मोठ्यांना उलट बोलायचे नाही, हे वडिलांनी लहानपणीच अंगी मुरवले होते. तेव्हापासून वर्गात जाणे जिवावर येते. डबा माझ्या थोरल्या भावाला द्यावा, त्याच्या नातवंडांना खेळायला होईल.

३. "आदर्श शिक्षिका" असे कोरलेले मानचिन्ह मुख्याध्यापकांना परत करावे. याद्या, तक्ते, परीक्षेची कामे, सगळे "हे तुम्हालाच जमतं, बाई" म्हणत त्यांनी माझ्या गळ्यात मारले. माझी मात्र नाही म्हणायला जीभ रेटली नाही. त्यांच्यावरचा राग मी कोणाच्या नावे करत नाही, माझ्याबरोबर नेते.

४. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. एकदा मधल्या सुट्टीत टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाई, थोडं बोलायचं होतं." मी मान वर न करता म्हटले, "उद्या ये गं, याद्या आजच द्यायच्यात." ती पुन्हा शाळेतच आली नाही. तिला काय सांगायचे होते, ते मला आजही ठाऊक नाही. तिच्या नावे काय ठेवावे, हे मला सुचत नाही.

५. ~~पहिल्या कलमास अट: मुलीने शिक्षिकेची नोकरी धरल्यास घर माझ्या भावाकडे जावे.~~

ही अट मीच खोडली आहे. मुलीला शाळेचे नेमणूकपत्र आले आहे, उद्या रुजू व्हायचे आहे. शिक्षिका व्हायचे हे तिने दहाव्या वर्षीच ठरवले होते. आज दुपारी हा मसुदा तिच्या हाती लागला. ती रडली नाही, भांडली नाही. "बरं आई, नाही जात," म्हणाली आणि नेमणूकपत्र फाडायला निघाली. मी तिचा हात धरला. भांडली असती तर बरे झाले असते. आज्ञाधारक मुलगी म्हणून इतकी वर्षे मी तिचे कौतुक करत आले.

अट खोडून तिला दाखवली आणि म्हटले, "जायचं की नाही, तुझं तू ठरव. मला विचारू नकोस."

ती म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर ठरवते."

पाचव्या कलमावरील खाडाखोड माझ्याच हातची आहे.

सही: मुलीची आई

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपीकाका
२. आमचे डॉक्टर

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ९ जून, रविवार