गुरुवायूरच्या दाराबाहेर

प्रिय अथर्व,

पाकिटावर माझं अक्षर बघून हसला असशील. हस. पण इथे कुवेतला, खैतानच्या या दोन खोल्यांत फोनवर काही बोलावं तर शेजारच्या युसराच्या मांजरालासुद्धा ऐकू जातं, आणि माझं व्हॉट्सअॅप सकाळी बातम्या वाचायला तुझे बाबाच उघडतात. म्हणून हे कागदावर. रसिका म्युनिकला परत चालली आहे, तिच्याबरोबर पाठवते आहे. सोबत चकल्या आणि मेतकूट आहे. आधी पत्र वाच, मग डबा उघड. तुला ओळखून आहे मी, म्हणून बजावते.

तुझा मेसेज पोचला. बाबा माफी मागत नाहीत तोवर त्यांच्याशी बोलणार नाहीस आणि डिसेंबरात कुवेतलाही येणार नाहीस. वा रे वा! एवढासा होतास तेव्हा कोपऱ्यावरच्या बकाल्यात, त्या किराणा दुकानात, हुसेनने चॉकलेट दिलं नाही म्हणून त्याच्याशी अबोला धरला होतास, तो तरी संध्याकाळपर्यंत टिकला होता. हा दोन महिने चाललाय. मला वाटलं, परक्या देशात गेला की उतरेल राग. पण तुमच्या घराण्याचं नाकच असं, की ते खाली करायचं म्हणजे क्रेन मागवावी लागते. तू रविवारी मला फोन करतोस ना, तेव्हा बाबा टीव्हीचा आवाज बंद करतात आणि त्या मुक्या टीव्हीकडे बघत बसतात. मी फोन ठेवला की विचारतात, जेवतोस का रे नीट? जणू तू माझ्यात बसून उत्तर देणार आहेस.

तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. तू जर्मनीला जाण्याआधी, गुरुवायूरच्या देवळाच्या त्या दाराशी तू बरोबर होतास, असं त्या रांगेतला कुणीही म्हणाला असता. आणि खरं सांगू का, सगळा घोळ माझा. क्लिनिकमधल्या केरळच्या श्रीजा सिस्टरने मला सगळं शिकवलं होतं. तुलाभाराची पावती कुठे करायची, गजरा कुठे घ्यायचा, फोन बाहेर कुठे ठेवायचा, सगळं. पुरुषांना आत जाताना शर्ट काढावा लागतो, एवढंच तिने सांगितलं नाही. तिला वाटलं, हे काय सांगायचं, शेंबड्या पोरालाही माहीत असतं! आणि आपण चिपळूणची माणसं. आपल्याकडे देवळात जायचं म्हणजे असेल तो चांगला कपडा अंगावर चढवायचा, काढायचा नाही. मी मेली सालमियाच्या बाजारातून बाबांसाठी मोतिया रंगाचा सिल्कचा कुर्ता घेऊन आले. इस्त्री करून, कागदात गुंडाळून कोचीपर्यंत नेला. आणि दारावरच्या माणसाने नेमकं त्याच्याकडेच बोट दाखवलं.

तू तर मिनिटात टी-शर्ट काढून मोकळा झालास. रस्त्यावरून लुंगीसारखा तो पांढरा मुंडू घेतलास, तो सारखा सुटत होता आणि तू दोन्ही हातांनी धरून हसत होतास. किती दिवसांनी तुला तसं हसताना बघत होते! आणि मग बाबांचं ते वाक्य. देवाला माणसाच्या शर्टाचं काय वावडं आहे, मी नाही काढणार. तू आधी चेष्टा केलीस, मग समजावलंस, मग चिडलास. आईने एवढा नवस बोलला, ती रडकुंडीला आली, आणि तुमचा इगो देवापेक्षा मोठा, असं भर रांगेत बोललास. बाबांनी आपल्या दोघांच्या चपला उचलल्या आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. गोष्ट अगदी जिभेच्या टोकाशी आली होती. पण तू माझा हात धरून मला आत ओढलंस. आत तू तराजूत मांडी घालून बसलास, दुसऱ्या पारड्यात केळ्यांचे घड चढायला लागले, आणि तू माझ्या कानात पुटपुटलास, आई, जर्मनीची अॅडमिशन केवढ्याला पडली बघ. नवस तुझ्या अॅडमिशनचा असंच तुला वाटत होतं. मी हो म्हणाले. पारडं वर उचललं गेलं तेव्हा मात्र मला हुंदका आवरेना, आणि तू समजलास की मी बाबांमुळे रडतेय. तसं ते खरंच होतं म्हणा.

आता जरा आठव. फ्रिजवरच्या फळीवर देव मांडून रोज अंघोळीनंतर विष्णुसहस्रनाम म्हणणारा माणूस, ज्याला आपण दोघं हसतो, तो गुरुवायूरच्या दाराशी जाऊन परत फिरेल का? आपण बाहेर आलो तेव्हा ते दीपस्तंभाशी उभे होते, समोर सरळ गाभाऱ्याकडे तोंड करून. तू टॅक्सी बघायला पुढे गेलास, तेव्हा मला म्हणाले, इथून समया दिसल्या गं, मूर्ती नाही दिसली, पण समया दिसल्या. चपला अजून हातातच होत्या.

आणखी आठव. त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं. अंघोळीला जाताना आतून कडी. सगळ्या बॅगा तुझ्या हातात दिल्या, तर तू म्हणालास, बाबा साहेब झाले. त्याआधी, तुझ्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी, तू हॉस्टेलवर असताना, व्हिडिओ कॉलवर अंगावर शाल घेऊन बसायचे आणि एसीचं निमित्त सांगायचे.

बाळा, फेब्रुवारीत बाबांची बायपास झाली. गळ्याखालून सरळ खाली टाक्यांचा व्रण आहे. आता छान आहेत, डॉक्टर खूश आहेत, रोज मॉलमध्ये चालायला जातात, तेव्हा आधी श्वास घे आणि मग पुढचं वाच. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. तुझ्या आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा बाबा सीएचा अभ्यास अर्धा टाकून घरी आले, ते परत गेलेच नाहीत. अथर्वला कळलं तर तोही सगळं टाकून धावत येईल, त्याचं माझ्यासारखं नको व्हायला, एवढंच एक धरून बसले. त्या दाराशी तुझा इगोचा टोमणा त्यांनी गिळला, पण कुर्ता काढला नाही. नवस त्यांचा होता रे. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी बोलले होते, तराजूत त्यांनी बसायचं होतं. बसलास तू. मी देवाला सांगितलं, पोरगा त्यांचाच आहे, चालवून घे. चालवून घेतलंय त्याने. शपथ मी मोडली, त्याचं माझं मी बघून घेईन. तू तिकीट काढून धावत येऊ नकोस, नाहीतर त्यांनी सोसलेलं सगळं पाण्यात जाईल. सुट्टी लागली की ये. आणि मी सांगितल्याचं कळू देऊ नकोस. फक्त या रविवारी फोन केलास की आई कशी आहेस, असं विचारू नकोस. मी उचलल्याबरोबर म्हण, बाबांना दे.

तुझीच,
आई